गोष्ट हवी असेल तर आधी नियम शोधा: नाशिकमधून कथाबीजं गोळा करण्याची एक पद्धत

‘काही सुचतच नाही’ म्हणणाऱ्या लेखकाची वही उघडून पाहा. विषयांची टंचाई नसते. ‘शेतकऱ्याची व्यथा’, ‘एकटी राहणारी आई’, ‘गोदाकाठची संध्याकाळ’, ‘पडके वाडे’ अशा नोंदी ओळीने मांडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरूनही कथेचं पहिलं वाक्य लिहिता येत नाही, कारण त्या नोंदीत कोणी काही करत नसतं, कोणाचं काही अडलेलं नसतं.

मी वापरतो ती पद्धत थोडक्यात अशी. एखाद्या जागेचा, धंद्याचा किंवा घराचा पक्का नियम शोधायचा. मग तो नियम ज्याला नेमका आज परवडत नाही, असा माणूस शोधायचा. या दोघांची गाठ पडते तिथे कथा सुरू होते. प्रेरणा, मूड, पावसाळी हवा वगैरे असेल तर छानच, पण त्यांच्यावाचून काम अडत नाही.

नाशिकला या पद्धतीसाठी फिरायला जागा भरपूर आहे, कारण एकाच शहरात वेगवेगळ्या नियमांची गावं नांदतात. पंचवटीतलं तीर्थक्षेत्र, जुन्या नाशकातली बाजारपेठ, सातपूर-अंबडचे कारखाने, देवळालीची छावणी, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आणि शहर संपलं की द्राक्षबागा. (छापखान्यावरून एक सूचना: दिवसभर नोटा मोजणारा कामगार महिनाअखेरीस उसने पैसे मागतो, ही कल्पना प्रत्येकाला सुचते. सोडून द्या. त्यातला विरोधाभास इतका तयार आहे की लेखकाला करायला काही उरत नाही.)

पहिलं काम: एक जागा धरा

महिनाभर एकच जागा. सोमवारी रामकुंड, मंगळवारी लासलगाव, बुधवारी त्र्यंबक असं फिरलात तर हाताला फक्त देखावे लागतील. जागा निवडताना एवढंच बघा, की तिथे देवाणघेवाण होते का? पैशांची, मालाची, मानाची, माहितीची, कशाचीही. सोमेश्वरला धबधबा बघत बसणं सुखाचं असतं, पण तिथे कोणी कोणाचं देणं लागत नाही. त्याऐवजी गोदाघाटावर भरणारा बुधवारचा बाजार, भांडी बाजारातलं एखादं दुकान, नाशिकरोडहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचा पासवाल्यांचा डबा, किंवा तुमच्याच सोसायटीचं पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक घ्या.

वही छोटी ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. समोरच्याला वाटतं तुम्ही मेसेज बघताय, त्यामुळे तो बिचकत नाही. फोटो मात्र काढू नका. फोटो काढला की आपण बघणं थांबवतो, आणि नंतर त्या फोटोत नियम दिसत नाही.

दुसरं काम: नियम लिहून काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. नियम एका वाक्यात लिहायचा, आणि त्यात ‘पाहिजे’, ‘नाही’, ‘तरच’ असा एखादा शब्द यायला हवा. काही नमुने देतो.

गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे नाशिककरांचं पुराचं माप. पाणी पायाशी आहे, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, अशा भाषेत शहर पूर मोजतं. 1969, 2008, 2016 या सालांचा विषय निघाला की जुनी माणसं पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की काठावरचे दुकानदार माल हलवायला लागतात. नियम असा: ‘पाणी अमुक ठिकाणी लागलं तरच दुकान उचलायचं.’ प्रत्येकाचं ‘अमुक’ वेगळं असतं, आणि ते त्याच्या मालावर, त्याच्याकडे असलेल्या माणसांवर आणि मागच्या पुरात त्याचं काय गेलं यावर ठरतं. एका रांगेतल्या चार दुकानदारांच्या चार खुणा टिपल्या, तर चार माणसांचे स्वभाव आयते मिळतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी तुमच्या कुळाची वही काढतात, त्यात पणजोबा कधी आले होते ते सापडतं, आणि तुम्ही तुमची नोंद खाली करता. परंपरेने ही नामावळी मुलग्यांच्या बाजूने पुढे सरकते. आता वडिलांच्या अस्थी घेऊन एकटी आलेली मुलगी समोर बसवा. भाऊ नाही. तिला आपलं नाव वडिलांच्या खाली हवंय, सासरच्या वहीत नकोय. इथे गुरुजींना कर्मठ, दुष्ट करण्याचा मोह टाळा. त्यांनी वही पुढे सरकवली आणि ‘लिही बेटा’ म्हटलं, तर पेन हातात घेतल्यावर ती कोणतं आडनाव लिहिते, हा प्रश्न उरतोच. तो मला जास्त अवघड वाटतो.

रंगपंचमीच्या रहाडी हा तर नियमांचा खजिना आहे. जुन्या नाशकात चौकाच्या मधोमध जमिनीखाली पेशवेकाळापासूनचे हौद आहेत. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून वाहनं जातात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पहिल्या धप्प्याचा, म्हणजे हौदात पहिली उडी मारण्याचा, मान ठरलेला. मान असलेल्या घरातला शेवटचा मुलगा पुण्याला आयटीत आहे आणि यंदा त्याला सुट्टी नाही, एवढं पुरे. किंवा तो आलाय, पण त्याला पाण्याची भीती वाटते, आणि हे फक्त त्याच्या आईला माहीत आहे.

वाड्यांचा नियम थोडा कडू आहे. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. मालकाला वाडा पडलेला चालतो, भाडेकरूला जागा सोडणं परवडत नाही, कारण सोडली की हक्क गेला अशी त्याला धास्ती. म्हणजे वाडा पडावा म्हणून एक जण वाट बघतोय आणि दुसरा त्याच छताखाली झोपतोय. ‘वाडा संस्कृतीचा अस्त’ या विषयावर हळहळत लिहिण्यापेक्षा या दोघांना गणपतीत एकत्र आरती म्हणावी लागते त्या संध्याकाळी जा.

पासवाल्यांच्या डब्यातला नियम तुम्हीच शोधा. कोणती जागा कोणाची, हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना माहीत असतं.

तिसरं काम: विचारायचं कसं

‘मामा, तुमची कहाणी सांगा ना’ असं म्हटलं की मामा भाषण देतात. त्यांना वाटतं वर्तमानपत्रात येणार. कहाणी विचारू नका, कामाचा क्रम विचारा. ‘आधी काय करता? मग? ते कोण ठरवतं?’ क्रम सांगताना माणूस सजवत नाही. बाजारात भांडी मांडून बसलेल्या मावशींशी बोलणं साधारण असं चालतं:

“मावशी, पाणी वाढायला लागलं की पहिलं काय उचलता?”

“पहिलं ताडपत्री. भांडं वाहून गेलं तर दुसरं मिळंल, ताडपत्री गेली तर बसायचं कुठं?”

“आणि उचलायला कोण येतं?”

“पोरगा यायचा. आता शेजारचा येतो.”

‘यायचा’वर थांबा. पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवा, आणि शंका असेल तर विचारू नका. कथेला त्या मुलाचं खरं काय झालं हे लागत नाही. शेजारचा का येतो, आणि तो किती दिवस येईल, हे लागतं, आणि ते तुम्ही रचायचं आहे.

दुसरा उपयोगी प्रश्न: ‘असं कधी झालं का, की हे जमलंच नाही?’ नियम मोडल्याचे किस्से लोक आनंदाने सांगतात, विशेषतः मोडणारा दुसरा कोणी असेल तर.

रामकुंडावर मात्र कोणालाही काही विचारू नका. तिथे अस्थिविसर्जनाला आलेली माणसं दुःखात असतात. लांब बसा, आणि कामावर असलेल्यांकडे बघा: फुलवाले, न्हावी, रिक्षावाले, पाण्यातून नाणी शोधणारी पोरं. दुःख पाहुण्यांचं असतं, दिनक्रम यांचा असतो, आणि आपल्याला दिनक्रमच हवा आहे.

चौथं काम: कागद

घरबसल्या सगळ्यात जास्त कथाबीजं देणारी जागा म्हणजे स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा. कोणी वाचत नाही, आणि प्रत्येक नोटिशीत एक भांडण दडलेलं असतं. ‘सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास मुदतीत पुराव्यानिशी हरकत घ्यावी, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.’ म्हणजे कोणीतरी विकतंय, आणि कोणीतरी हरकत घेईल ही भीती आहे. कोण? बहीण? तिला वर्तमानपत्र कोण वाचून दाखवतं? तशीच दुसरी नोटीस, ‘माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणीही व्यवहार करू नये.’ ही वकिलाकडे बसून लिहिताना बापाने कोणता शब्द खोडायला लावला असेल, एवढ्यावर एक लघुकथा उभी राहते. नोटीस जशीच्या तशी उचलू नका. नावं, गट नंबर, गाव, नातं, सगळं बदला.

जुन्या कागदांसाठी सार्वजनिक वाचनालय आहे. 1840 साली सुरू झालेली ही संस्था, नाशिककरांची ‘सावाना’. जिल्ह्याचं 1883 सालचं इंग्रजी गॅझेटियर इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्यातले राजेमहाराजे सोडून द्या, व्यापार, सावकारी, मजुरी यांची प्रकरणं वाचा.

आणि कागदाच्या आधीचे दगड. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240, आणि लेण्यात पावसाळ्यातल्या वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12. हिशोब तंतोतंत बसतो. मला या लेखात दानशूर जावयापेक्षा विणकर दिसतात. ज्या वर्षी कापूस आला नाही, त्या वर्षी 240 कुठून आणले? कधीच न फिटणारं कर्ज घ्यायला श्रेणीतल्या कोणी विरोध केला असेल का? ऐतिहासिक कथा लिहायची तर अशा ठिकाणाहून आत शिरावं, जिथे नावाजलेल्या माणसाची सही आहे पण भार दुसऱ्याच्या खांद्यावर आहे.

नाशिकच्या प्रसिद्ध घटनांनाही हीच किल्ली लागते. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कान्हेरेंवर तुमच्याआधी अनेकांनी लिहिलंय. त्या रात्री रंग लावून विंगेत उभा असलेला नट घ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. नेत्यांची भाषणं इतिहासात आहेत. पण खेड्यातून सत्याग्रहाला आलेला माणूस परत गावी गेला, तेव्हा पाटलाच्या शेतावर त्याला काम मिळालं का, आणि दुसऱ्या खेपेला निघताना बायको काय म्हणाली, हे लिहायला कथाच लागते.

पाचवं काम: माणूस बदलून बघा

नियम मिळाला की बहुतेक लेखक पहिल्या दिसणाऱ्या माणसाला नायक करतात. इथे थोडा वेळ काढा. एक उदाहरण नीट सोडवून दाखवतो, कारण पद्धत सांगण्यापेक्षा ती चालवून दाखवलेली बरी.

जागा: कांद्याची बाजार समिती. लासलगाव घ्या, पिंपळगाव बसवंत घ्या. ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपासून ट्रॉलीपर्यंत सरकतो, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि काही क्षणांत सौदा होतो. शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो नाकारू शकतो. पटला तर सौदापट्टी घेऊन तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे ट्रॉली खाली होते. खाली करताना कधी कधी व्यापारी म्हणतो, वरचा माल वेगळा, खालचा वेगळा, या भावात नाही घेणार. याला वांधा म्हणतात.

नियम: ‘माल जसा दाखवला तसाच तळापर्यंत असला पाहिजे, नाहीतर भाव तुटतो.’

पहिला माणूस शेतकरी. त्याचं नुकसान खरं आहे, पण ही कथा वाचकाला पहिल्या परिच्छेदातच पूर्ण दिसते. दुसरा माणूस व्यापारी. त्यालाही पुढे माल द्यायचाय, सडका निघाला तर पैसे त्याचे जाणार. बरा, पण थंड. तिसरा माणूस ट्रॉली खाली करणारा हमाल. तळाचा कांदा सगळ्यात आधी त्याच्या हाताला लागतो. आता तो त्याच शेतकऱ्याच्या गावचा करा, भावकीतला. रोजचं काम त्याला या खळ्यावर मिळतं. दोघंही त्याच्याकडे बघून विचारतात, “काय रे, खाली माल कसा होता?”

इथपर्यंत आलं की मी शोध थांबवतो. कारण आता त्याच्या तोंडून जो शब्द निघेल त्याची किंमत आहे, आणि गप्प बसला तर त्याचीही आहे.

अजून ताणून बघायचं असेल तर एक गोष्ट बदला. खालचा कांदा खरंच खराब होता असं करा. किंवा भरताना साठवणीच्या चाळीतला ओला कांदा तळाशी घालायचा सल्ला या हमालानेच गावी दिला होता असं करा. दुसऱ्या बदलाने कथा बरीच काळी होते, आणि मला वाटतं चांगलीही.

हीच कसरत द्राक्षाच्या छाटणीवर करून बघा. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात, उक्तं काम, मुकादमाच्या हाती उचल. बागायतदार आणि मजूर सोडून तिसरं कोण आहे? टोळीसोबत आलेली, शाळा बुडवून धाकट्याला सांभाळणारी पोरगी? की स्वतःच कर्जात असलेला मुकादम?

सहावं काम: बीज तपासा

दोन दिवस बीज तसंच ठेवा आणि मग चार गोष्टी बघा. नियम वाचकाला दोन-तीन वाक्यांत कळेल का? माणसाकडे आजच निर्णय घ्यायचं कारण आहे का? चुकला तर नेमकं काय जाईल, आणि ते त्याच्या दृष्टीने मोठं आहे का? समोरची बाजूही थोडी बरोबर आहे का? चौथ्या प्रश्नावर सर्वात जास्त बीजं गळतात. सासू निव्वळ खाष्ट, सावकार निव्वळ राक्षस, साहेब निव्वळ लाचखाऊ असेल तर कथा लिहून होते, पण लक्षात राहत नाही.

आणखी एक चाळणी नाशिकपुरती. येत्या सिंहस्थामुळे कुंभमेळ्यात हरवलेल्या आणि बारा वर्षांनी सापडलेल्या भावाच्या कथांचा पूर येणार आहे. तुम्ही त्यात भर घालू नका. 2015 च्या सिंहस्थात घराची गच्ची भाड्याने देऊन मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडलेलं कुटुंब यंदाही त्याच भरवशावर कर्ज काढतं, आणि या वेळी समोर नवं हॉटेल झालंय. यात निदान हिशोब आहे.

वही कोरडी पडली की

पडतेच. तेव्हा नवीन शोधायला बाहेर जाऊ नका. जुन्या नोंदींतल्या दोन, एकमेकींशी संबंध नसलेल्या, शेजारी ठेवा. उषवदाताची न फिटणारी ठेव आणि येवल्यातल्या पैठणी विणणाऱ्या बायकांची भिशी. भिशीत प्रत्येकीचा नंबर कधीतरी येतो. समजा एकीने ठरवलं, आपला नंबर घ्यायचाच नाही, दर वेळी पुढच्या बाईला द्यायचा. का? बाकीच्या बायकांना याचं ओझं होईल की संशय येईल? दोन नोंदी वेगळ्या असताना यातलं काहीच नव्हतं.

जोड लागत नसेल तर भाषणं ऐका. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. विषय कोणताही असो, शेवटची श्रोत्यांच्या प्रश्नांची वेळ चुकवू नका. प्रश्न विचारायला उठलेला माणूस बहुधा स्वतःबद्दलच काहीतरी सांगत असतो.

शेवटचं काम: लिहा आणि त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवा

सुरुवात नियम समजावून करू नका. माणूस अडकल्याच्या क्षणापासून करा आणि नियम त्याच्या धडपडीतून कळू द्या. हमालाची कथा असेल तर पहिल्या ओळीत ट्रॉली अर्धी खाली झालेली हवी, लिलाव संपलेला हवा.

कच्चा खर्डा साहित्यिक मित्राला नंतर दाखवा. आधी त्या कामातल्या कोणाला तरी वाचून दाखवा. खळ्यावर काम केलेला माणूस लगेच सांगेल, ‘दादा, काटापट्टी आधी होत नाही, माल खाली झाल्यावर होते’, किंवा ‘असं कोणी म्हणत नाही, आम्ही असं म्हणतो’. क्रमाच्या आणि बोलीच्या त्याच्या सगळ्या दुरुस्त्या निमूटपणे घ्या. मात्र एखाद्या ठिकाणी तो वैतागून म्हणाला, ‘आमच्यात असं कोणी करतच नाही’, तर तिथे खूण करून ठेवा आणि ते वाक्य कापू नका. ते करणारा माणूसच तुम्ही महिनाभर शोधत होता.